‘नसावा’चे ‘नाही’ होते तेव्हा

माझ्या एका मैत्रिणीचे धर्मविषयक पुस्तक येत्या काही महिन्यांत प्रसिद्ध होणार आहे. त्याचे हस्तलिखित गेले दीड वर्ष आम्हा पाच जणांकडे आहे, आणि त्याविषयी बाहेर जी पहिली वाच्यता झाली ती माझ्या तोंडून झाली. ती कशी झाली, तिने काय बिघडले आणि मित्रमंडळींनी पाळायच्या मौनाविषयीची माझी समजूत त्यानंतर कशी बदलली, ते मला लिहून ठेवायचे आहे. हा मजकूर मी तिला आधी वाचून दाखवला आहे. पुस्तक कोणत्या धर्माविषयी आहे, त्याचे नाव काय, ते कोण प्रसिद्ध करत आहे, यांतले काहीही येथे येणार नाही. पुस्तकातले एकच वाक्य उद्धृत करण्याची मुभा तिने दिली आहे आणि तिला तसे कारण आहे.

पुस्तकाचा विषय एका पवित्र ग्रंथाची जडणघडण हा आहे. जुन्या प्रती एकमेकींशी ताडून पाहणे, पाठभेद नोंदवणे, कोणता शब्द कोणत्या काळी रूढ झाला याचा माग काढणे, एका हाताने लिहिलेला मजकूर कोठे संपतो आणि दुसऱ्या हाताचा कोठे सुरू होतो हे शैलीवरून ओळखणे, असे हे काम आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या धर्मग्रंथांचा असा अभ्यास झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष अभ्यासकांच्या नियतकालिकांत तळटिपांच्या आधाराने शांतपणे नांदत असतात. माझ्या मैत्रिणीने तेच काम सामान्य वाचकासाठी, त्याला कळेल अशा भाषेत केले आहे, आणि वाद झालाच तर तो नेमका त्यामुळे होईल. हे काही आजचे नाही. डच तत्त्वज्ञ बारूख स्पिनोझाचा धर्म आणि राज्यसत्ता यांविषयीचा ग्रंथ १६७० साली लॅटिनमध्ये निनावी प्रसिद्ध झाला. शीर्षकपृष्ठावर हँबर्गचे नाव होते, प्रत्यक्षात तो ॲमस्टरडॅममध्ये छापलेला होता. पुढच्याच वर्षी त्याचा डच अनुवाद तयार असून तो छापला जाणार आहे असे कानावर येताच स्पिनोझाने आपला मित्र यारिख येलेस याला पत्र लिहून तो थांबवण्याची विनंती केली. लॅटिन पंडितांपुरती होती. डचमध्ये ग्रंथ आला की त्याच्यावर बंदी येणार, हे तो ओळखून होता. त्याच्याच वर्तुळातला आड्रियान कूरबाख डच भाषेत धर्मचिकित्सा लिहू लागला होता. १६६८ साली त्याचे पुस्तक छापता छापता उट्रेख्टचा मुद्रक घाबरला आणि त्याने छापलेले कागद अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केले. कूरबाख पुढच्याच वर्षी कैदेत मरण पावला. येलेसला पत्र लिहिणाऱ्या माणसाला ही गोष्ट विसरता येण्यासारखी नव्हती.

मैत्रिणीने आम्हाला पीडीएफ पाठवली नव्हती. तिने पाच प्रती छापून, बांधून घेतल्या, प्रत्येकीच्या पहिल्या पानावर वरच्या कोपऱ्यात ज्याच्या-त्याच्या नावाचे आद्याक्षर पेन्सिलीने लिहिले आणि प्रती स्वतः आणून दिल्या. अट एवढीच होती की पानांचे फोटो काढायचे नाहीत आणि पुस्तक बाहेर येईपर्यंत आम्हा पाचांखेरीज कोणाशी त्याविषयी बोलायचे नाही. आमच्यापैकी एकाला ते आद्याक्षर खटकले. इतक्या वर्षांच्या मैत्रीत प्रतींवर खूण कशाला, असे तो म्हणाला. तिने शांतपणे सांगितले, ‘‘ही खूण तुमच्यावर पाळत ठेवायला नाही. उद्या एखादी प्रत कुठे सापडली आणि कोणी तुमच्याकडे बोट दाखवलं, तर बाकीच्या चौघांना आपापली प्रत दाखवून मोकळं होता यावं.’’ मला तेव्हा हे सारे जरा जास्तच वाटले होते. विषय गंभीर आहे हे कळत होते, पण काळजीचे ओझे तिच्या एकटीच्या मनावर होते. आमच्या मनावर फक्त कुतूहल होते. हस्तलिखित वाचायला मिळणे हा मान आहे असे मला वाटत होते आणि मान मिळाला की तो कोणाला तरी कळावा असेही आत कुठेतरी वाटत असते. माझ्या चुकीचे मूळ तेथे होते.

एका व्याख्यानानंतर माणसे घोळक्याघोळक्याने उभी असताना एका परिचितांनी मला विचारले, ‘‘त्या सध्या काय लिहीत आहेत? बऱ्याच दिवसांत काही आलं नाही.’’ विचारणारे गृहस्थ चोखंदळ वाचक आहेत, तिच्याविषयी त्यांना आदर आहे आणि त्यांचा हेतू वाईट होता असे मला आजही वाटत नाही. मी म्हणाले, ‘‘मोठं काम आहे. एक अध्याय मूळचा नाहीच, असं तिनं दाखवलंय.’’ एवढेच. माझे बोलून होईपर्यंत शेजारी आणखी दोघे येऊन उभे राहिले होते, हे मला नंतर आठवले. आपल्याकडे गुपित षट्कर्णी झाले म्हणतात ते मी शब्दशः केले होते.

आता ते वाक्य. हस्तलिखितात ते असे आहे: ‘हा अध्याय मूळ ग्रंथकाराचा नसावा असे मानण्यास भाषेच्या आधारे जागा आहे; तथापि ज्या अनामिकांनी तो रचला त्यांची श्रद्धा ग्रंथकाराच्या श्रद्धेहून तसूभरही उणी नव्हती, आणि भाविकांनी शतकानुशतके तो मुखोद्गत केला तो त्या श्रद्धेच्या बळावरच.’ या वाक्यावर तिने किती दिवस घालवले ते मला ठाऊक आहे, कारण पहिल्या खर्ड्यात अर्धविरामानंतरचा भाग नव्हता आणि तो असायला हवा असे आमच्यापैकी दोघांनी सुचवले होते. त्या दोघांत मी होते. तरीही तोंडाने सांगताना मी ‘नसावा’चे ‘नाही’ केले, ‘मानण्यास जागा आहे’ याचे ‘दाखवलंय’ केले आणि अर्धविरामानंतरचा सगळा भाग टाकून दिला. अफवा तोंडोतोंडी होत जाताना बिघडते असे आपण समजतो, पण येथे मधली तोंडे दोषी नव्हती. हस्तलिखित तीनदा वाचलेल्या, लेखिकेवर माया असलेल्या माणसाने ते वाक्य पहिल्याच फटक्यात मोडले होते. मराठीत ‘नसावा’ हे एक क्रियापद अनुमान, शंका, नम्रता आणि पुढच्या अभ्यासकासाठी ठेवलेली वाट हे सगळे एकदम सांगते. बोलण्याच्या ओघात त्याला टिकून राहणे फार कठीण जाते. पुस्तकात त्या वाक्याच्या मागे चाळीस पाने आहेत आणि पुढे शंभर. उभ्या-उभ्या केलेल्या गप्पांत त्याच्या मागेपुढे काहीच नव्हते.

आठ-दहा दिवसांनी ते परत आले तेव्हा त्याचे रूप ‘ग्रंथ खोटा आहे असं सिद्ध करणारं पुस्तक येतंय’ असे झाले होते. प्रकाशकाकडे विचारणा झाली. एका ग्रुपवर कोणी तरी तिचे जुने छायाचित्र टाकून खाली दोन ओळी लिहिल्या. या गोष्टींसाठी ती तयार होती. त्या आज ना उद्या होणारच होत्या. ज्या गोष्टीसाठी ती तयार नव्हती ती वेगळीच होती. तिच्या वृद्ध आई तो अध्याय लहानपणापासून रोज पहाटे म्हणतात. पुस्तकाचा तो भाग आपण स्वतः आईजवळ बसून, छपाईला जाण्याआधी, सावकाश वाचून दाखवायचा, असे तिने ठरवले होते. किती वाचायचे, कोठे थांबायचे, आईने काय विचारले तर काय सांगायचे, याचा ती कित्येक महिने मनाशी विचार करत होती. त्याआधीच नात्यातल्या एका व्यक्तीने आईंना फोन करून सांगितले की तुमची मुलगी आपला ग्रंथ खोटा ठरवते आहे. त्या रात्री मैत्रिणीचा मला फोन आला. ती रागावली नाही. ‘‘आईला माझ्याकडून कळायला हवं होतं गं,’’ एवढेच ती म्हणाली आणि बराच वेळ आम्ही दोघी फोनवर नुसत्याच होतो. हे कोणामुळे झाले ते मी तिला तेव्हाच सांगितले. तिने ते आधीच ओळखले होते, कारण ‘एक अध्याय’ हा तपशील पाच प्रतींबाहेर कोठेच नव्हता.

त्या दिवसापर्यंत मौन म्हणजे लेखकाला विरोधकांपासून वाचवण्याची तरतूद, असे मी समजत होते. विरोधक, बंदीची मागणी, धमक्या, न्यायालय, हे सगळे खरे आहे आणि त्याची भीती बाळगण्यात कमीपणा नाही. परंतु धर्माविषयी लिहिणाऱ्याचे सगळ्यांत नाजूक नाते विरोधकांशी नसते, ते आपल्याच घरातल्या आणि जवळच्या श्रद्धावंतांशी असते. ज्यांना आपल्या लिहिण्याने दुखणार आहे त्यांना ते आपल्या तोंडून, आपल्या शब्दांत, हातात हात घेऊन सांगण्याचा हक्क लेखकाचा असतो, आणि ते तसेच ऐकण्याचा हक्क त्या माणसांचाही असतो. मी दोघींचाही हक्क हिरावून घेतला होता. ही गोष्ट नियमभंगापेक्षा मोठी होती आणि तिच्यासाठी ‘चुकून बोलून गेले’ हे शब्द पुरेसे नव्हते.

नंतरच्या काही आठवड्यांत मी स्पिनोझाच्या पत्रव्यवहाराकडे पुन्हा वळले, कारण अशीच एक अफवा त्यात नोंदवलेली आहे. १६७५ च्या उन्हाळ्यात तो आपला मुख्य तत्त्वज्ञानग्रंथ छापायला देण्यासाठी ॲमस्टरडॅमला गेला. तो छपाईच्या खटपटीत असतानाच सगळीकडे बोलवा उठली की त्याचे ईश्वरविषयक पुस्तक छापले जात असून त्यात ईश्वर नाही असे दाखवण्याचा प्रयत्न आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की पुष्कळांनी ही बातमी खरी मानली, काही धर्मशास्त्री तिचे निमित्त करून दरबारात आणि न्यायाधिकाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेले, आणि म्हणून त्याने प्रकाशन लांबणीवर टाकले. ज्या ग्रंथाचा पहिला भागच ईश्वराविषयी आहे आणि ज्यात ईश्वरावाचून काहीही असू शकत नाही असे प्रतिपादन आहे, त्याची बाहेर पोचलेली बातमी ‘ईश्वर नाही’ ही होती. तो ग्रंथ त्याच्या हयातीत छापला गेलाच नाही. फेब्रुवारी १६७७ मध्ये तो वारला; मित्रांनी त्याचे कागद संपादित करून त्याच वर्षाच्या तारखेने प्रसिद्ध केले, त्यावर नावाची फक्त आद्याक्षरे घातली, प्रकाशक आणि स्थळ घातलेच नाही, आणि पत्रांतली हयात माणसांची नावे काळजीपूर्वक गाळली.

याच ग्रंथाच्या एका प्रतीची हकीकत मला त्याहून जास्त लागली. एहरेनफ्रीड व्हाल्टर फॉन चिर्नहाउस या तरुण जर्मन विद्वानाकडे स्पिनोझाने ग्रंथाची नक्कल विश्वासाने सोपवली होती. १६७५ साली पॅरिसमध्ये चिर्नहाउसची गाठ तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निट्झशी पडली, आणि अशा बुद्धिमान माणसाला ती दाखवावी असे त्याला वाटले. त्याने मध्यस्थ मित्रामार्फत रीतसर परवानगी मागितली. स्पिनोझाने नकार दिला. या गृहस्थांची आपल्याला अजून पुरेशी ओळख नाही, ते फ्रान्समध्ये काय करत आहेत हे आधी कळू द्या, इतक्या लवकर माझे लेखन त्यांच्या हाती देणे शहाणपणाचे नाही, असे त्याने कळवले. येथपर्यंत सगळे निभावले. पुढे चिर्नहाउस रोमला गेला. सप्टेंबर १६७७ मध्ये नील्स स्टेनो याने अशी एक नक्कल तेथल्या धर्मन्यायालयाच्या स्वाधीन केली. स्टेनो हा नामांकित शरीरशास्त्रज्ञ. तरुणपणी हॉलंडमध्ये असताना तो स्पिनोझाला ओळखत होता आणि नंतर कॅथलिक झाला होता. ती नक्कल चिर्नहाउसचीच होती असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. तिच्यावर ग्रंथाचे नाव नाही, लेखकाचेही नाही. २०१० साली ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडली आणि आज ती त्या ग्रंथाची हयात असलेली एकमेव हस्तलिखित प्रत आहे. चिर्नहाउस विश्वासघातकी होता असे मला म्हणवत नाही. आधी परवानगी मागणारा, नकार मिळाल्यावर थांबणारा माणूस तो. मला वाटते, ग्रंथ त्याला इतका मोलाचा वाटत होता की समोरचा विचारी माणूस तो वाचून हलून जाईल याची त्याला खात्री असावी. व्याख्यानानंतर त्या घोळक्यात उभी असताना माझी भावना याहून फारशी वेगळी नव्हती. गुपिते शत्रुत्वामुळे जितकी फुटतात त्याहून अधिक ती अशा कौतुकाने फुटतात.

मौन कशाकशाचे पाळायचे, याचा विचार आम्ही पाच जणांनी त्यानंतर एकत्र बसून केला. पुस्तक आहे हेच नाकारायचे का, असा प्रश्न एकाने काढला. मी त्याच्या विरोधात होते. कोणी विचारले तर ‘ती लिहिते आहे, पण त्याविषयी बोलण्याचा अधिकार तिचा आहे’ असे सांगता येते, आणि ते खरेही असते. ‘मला काहीच माहीत नाही’ असे म्हणणे म्हणजे खोटे बोलणे, आणि जे पुस्तक खऱ्याखोट्याची इतक्या काटेकोरपणे शहानिशा करते त्याच्या रक्षणासाठी खोटे बोलणे मला पटत नाही. त्याहून अवघड प्रसंग तो, जेव्हा समोरचा माणूस पुस्तकाविषयी धडधडीत चुकीचे बोलत असतो. ‘खोटा’ हा शब्द ऐकला की ‘अहो, ती तसं म्हणतच नाही’ हे ओठांवर येते. पण ‘तसं म्हणत नाही’ याला लागूनच ‘मग काय म्हणते?’ हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर देणारा पुन्हा एकदा ते वाक्य मोडणार असतो. म्हणून आम्ही ठरवले की दुरुस्तीसुद्धा करायची नाही. हे पाळताना मला फार त्रास झाला आणि अजूनही होतो. मैत्रिणीवर अन्याय होत असताना गप्प बसलेला माणूस बाहेरून भित्रा दिसतो, आणि तसे दिसण्याची तयारी ठेवणे हाही या मौनाचाच भाग आहे.

आम्हा पाचांच्या आत मात्र मौनाला जागा नव्हती. बाहेर तोंड बंद ठेवणाऱ्या मंडळींना हळूहळू आपण एका बाजूचे शिलेदार आहोत असे वाटू लागते, आणि मग हस्तलिखितातल्या उणिवा दाखवणे त्यांना फितुरीसारखे वाटते. आमचेही काही दिवस तसे झाले होते. आमच्यातले एक जण श्रद्धावान आहेत, तो ग्रंथ त्यांचाही आहे. अफवा पसरल्यानंतरच्या बैठकीत त्यांनी एका प्रकरणावर तासभर कठोर टीका केली. पुराव्यापेक्षा निष्कर्ष पुढे गेला आहे असे त्यांचे म्हणणे होते. बाकीचे आम्ही अस्वस्थ झालो, आत्ता ही वेळ आहे का, असे मला वाटले. मैत्रीण मात्र वहीत उतरवून घेत होती. त्या प्रकरणातली अकरा पाने तिने नंतर काढून टाकली. बाहेर एक अक्षर न बोलणारे आणि आत एकही शब्द न गिळणारे हे गृहस्थ आमच्यात होते म्हणून ते प्रकरण आज छापण्याजोगे झाले आहे.

मौनाला मुदत असते, आणि ती संपल्यावरही ते चालू ठेवले तर त्याचे दुसरेच काही होते. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने नैसर्गिक धर्माविषयीचे आपले संवाद १७५१ च्या सुमारासच बरेचसे लिहिले होते. मित्रांना त्याने ते वाचायला दिले, ईश्वराच्या बाजूने बोलणाऱ्या पात्राचे युक्तिवाद अधिक भक्कम करण्यासाठी गिल्बर्ट एलियट या मित्राकडे मदतही मागितली. मित्रांनी ते छापू नयेत असा सल्ला दिला आणि पंचवीस वर्षे ते कागद तसेच राहिले. १७७६ साली मृत्यू समोर दिसत असताना त्याने ते छापण्याची जबाबदारी आपला मित्र, अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ याच्यावर सोपवू पाहिली. स्मिथने ते कबूल केले नाही. ते हस्तलिखितच राहावे आणि मोजक्याच माणसांना दाखवावे, असे त्याचे मत होते. मग ह्यूमने मृत्युपत्र बदलून ते विल्यम स्ट्राहन या मुद्रकाकडे दिले, अडीच वर्षांत न छापले गेल्यास ते आपल्या पुतण्याकडे जावे अशी तजवीज करून ठेवली, आणि शेवटी १७७९ साली पुतण्यानेच ते छापून आणले. स्मिथला भेकड म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ह्यूम किती शांतपणे आणि आनंदी वृत्तीने मृत्यूला सामोरा गेला हे स्मिथनेच जाहीर पत्रात लिहिले, आणि ब्रिटनच्या सगळ्या व्यापारपद्धतीवर केलेल्या कडक हल्ल्याबद्दल जेवढ्या शिव्या मिळाल्या नव्हत्या त्याच्या दहापट या निरुपद्रवी कागदाबद्दल मिळाल्या, असे त्याने पुढे नमूद केले आहे. तरीही मला वाटते की मरणाच्या दारातला मित्र ‘आता छाप’ म्हणत असताना ‘मोजक्याच माणसांना दाखवू’ म्हणणे ही काळजी मित्राची कमी आणि स्वतःच्या स्वस्थतेची जास्त होती. ग्रंथ कधी बाहेर काढायचा हे ठरवण्याचा हक्क लिहिणाऱ्याचा आहे. मी घाईने तो मोडला, स्मिथने दिरंगाईने.

आमच्या बाबतीत ही मुदत पुस्तक प्रसिद्ध होईल त्या दिवशी संपेल, आणि त्या दिवसापासून आम्हाला बोलावे लागेल. याची पहिली परीक्षा गेल्या महिन्यात झाली. मुद्रिते आली, आणि ऋणनिर्देशाच्या पानावर आमची नावे घालायची की नाही हे तिने प्रत्येकाला वेगवेगळे विचारले; सर्वांसमोर विचारले तर कोणाला भिडेखातर हो म्हणावे लागेल, म्हणून. नावांच्या यादीचे ओझे काय असते हे मराठी वाचकाला सांगायला नको. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा जातिभेद आणि मूर्तिपूजा यांच्या विरोधात होती, पण तिचे काम गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे फुटण्याच्या भीतीने माणसे पांगली आणि सभा मोडली. तिच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या दादोबा पांडुरंगांनी धर्माची चिकित्सा करणारा आपला ग्रंथ १८६८ साली छापला तोही स्वतःचे नाव न घालता. त्या माणसांना आज आपण दुबळे ठरवू नये. त्यांच्यामागे घरे होती, लेकीबाळी होत्या. आमच्या पाचांपैकी दोघांनी नाव नको म्हणून सांगितले, त्यांतल्या एकांची नोकरी अशी आहे की त्यांना ते परवडणारे नाही. तिने कारण विचारले नाही. कोण ते दोघे, हे आम्हा उरलेल्यांना पान छापून आल्यावरच कळेल.

मी माझे पूर्ण नाव घालायला सांगितले. आधी तिने मला नाव गाळण्याची सूट देऊ केली होती, ‘‘तुझ्यावर आधीच पुष्कळ येऊन गेलंय,’’ असे म्हणाली. मुद्रिताच्या त्या पानावर माझ्या नावातली एक वेलांटी चुकली होती. ती मी स्वतः समासात दुरुस्त करून दिली.

मुद्रिते छपाईला परत जाण्याआधी ती तीन दिवस आईकडे राहून आली. संध्याकाळी दिवेलागणीनंतर तो भाग तिने आईंना वाचून दाखवला, तिन्ही दिवस थोडा थोडा, एवढे तिने मला सांगितले. आल्यावर तिने त्या वाक्यात एकच बदल केला: ‘भाविकांनी’ या शब्दाच्या आधी ‘माझ्या आईसारख्या’ हे दोन शब्द घातले, आणि ‘नसावा’ तसाच ठेवला. आई काय म्हणाल्या ते तिने सांगितलेले नाही, आणि मी विचारलेले नाही.